बाइक बाबांच्या नावावर, बॉर्डरवर जाणार मी

प्रश्न : मी भांडुपला राहतो. 350 सीसीची बाइक आहे, हप्ते मी भरतो पण आरसीवर नाव बाबांचं आणि लोनचे 14 हप्ते अजून बाकी. डिसेंबरमध्ये नेपाळ करायचंय, सगळं जुळून आलं तर पुढच्या वर्षी बाइक जहाजाने बंदर अब्बासला पाठवून इराण-तुर्कीमार्गे युरोप. एजंट म्हणतो इन्शुरन्स आहे ना, वेगळं काही लागत नाही. खरंय का?

उत्तर : नाही, अजिबात खरं नाही, आणि याच एका वाक्यावर विसंबून लोक अडकतात म्हणून आधी तेच घेतो. पॉलिसी काढून बघा, त्यात जिऑग्राफिकल एरिया अशी एक ओळ असते, तिथे इंडिया लिहिलेलं असेल. म्हणजे सोनौलीची नेपाळ बॉर्डर ओलांडली की ती पॉलिसी संपली. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, पाकिस्तान एवढ्यांसाठी जादा प्रीमियम भरून ही हद्द वाढवून मिळते, पण एजंटने फोनवर हो म्हटलं म्हणजे झालं असं नाही, एन्डॉर्समेंटचा, म्हणजे पॉलिसीतला हा बदल लेखी नोंदवलेला कागद हातात घ्या. नेपाळला कार्ने (बाइक तात्पुरती परदेशात नेण्याचं कस्टम्सचं पुस्तक, त्याबद्दल खाली) लागत नाही, जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचा भन्सार, म्हणजे तिथल्या कस्टम्सचा कर, बॉर्डरवर भरायचा, पावती जपायची, आणि दोन दिवस जास्तच धरा कारण मुदत उलटली की दंड बसतो.

इराणपासून पुढे मात्र आपली पॉलिसी वाढवूनसुद्धा मिळत नाही. तिथे ग्रीन कार्ड, म्हणजे अनेक देशांत चालणारं गाडीच्या इन्शुरन्सचं कार्ड, किंवा त्या देशाचा बॉर्डरवर मिळणारा इन्शुरन्स घ्यायचा. ग्रीन कार्डची पद्धत 1953 पासून चालू आहे, इराण-तुर्की दोन्ही त्यात आहेत, पण ते फक्त थर्ड पार्टीचं, तुमची बाइक आपटली तर खर्च तुमचाच. जहाजावरच्या प्रवासाचा मरीन इन्शुरन्स वेगळा. तुमच्या हाडांचा आणखी वेगळा, आणि ट्रॅव्हल पॉलिसीत टू-व्हीलरबद्दल काय लिहिलंय ते बारीक अक्षरातलं वाचाच, काहींमध्ये सीसीची मर्यादा असते.

आता नावाचं. बाबांकडून नोटरी केलेलं अधिकारपत्र, बँकेची एनओसी, दोन्ही लागणार. खरं सांगू का, नेपाळ यावर होऊन जाईल, पण इराणच्या आधी लोन संपवून बाइक स्वतःच्या नावावर करून घ्या, दरेक बॉर्डरवर बाबा कोण आणि कुठे आहेत हे समजावत बसणं फार थकवतं. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून घ्याल तेव्हा काउंटरवरून हलण्याआधी ए या रकान्यापुढे शिक्का आहे का बघा. ए म्हणजे मोटरसायकल, बी म्हणजे कार, नुसता बीवर शिक्का असेल तर बाइकसाठी तो कागद कामाचा नाही. परमिट एक वर्षच चालतं.

आणि कार्ने, म्हणजे बाइकचा पासपोर्ट. इराणला तो लागतोच. मुंबईत चर्चगेटला वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनमध्ये मिळतो, त्यासाठी बँक गॅरंटी द्यावी लागते, कारण बाइक तिथेच विकून आलात तर तिथल्या कस्टम्सची ड्यूटी त्यातून वसूल होणार. दरेक पानाचे तीन भाग, एक आत जाताना फाडतात, एक बाहेर पडताना, तिसरा तुमच्याकडे राहतो आणि त्यावर दोन्ही शिक्के हवेत. माझ्या मित्राचा बाहेर पडतानाचा शिक्का राहिला. रात्र होती, पाऊस होता, ऑफिसरने पान फाडून घेतलं, आपल्या भागावर शिक्का मारायचा राहून गेला आणि मागे गाड्यांची रांग म्हणून हाही पुढे सरकला. परत आल्यावर गॅरंटी मोकळी होईना, कागदावर बाइक अजून त्या देशातच होती. शेवटी कार्नेच्या मागच्या बाजूला जो सर्टिफिकेट ऑफ लोकेशनचा भाग असतो तो बाइक प्रत्यक्ष दाखवून, नंबर तपासून भरून घेतला तेव्हा सुटला, पण तीन महिने गेले त्यात. म्हणून पाऊस असो की रांग, शिक्का डोळ्यांनी बघितल्याशिवाय किक मारू नका.

या रविवारी एक काम करा, हँडलखाली फ्रेमच्या मानेवर कोरलेला चॅसिस नंबर कापडाने पुसून फोटो काढा आणि आरसीशी एकेक अक्षर लावून बघा. बी आणि आठ यांची अदलाबदल झालेली असते कधीकधी, ती वडाळ्याच्या आरटीओत दुरुस्त होईल, बंदर अब्बासला नाही.