मंगळसूत्र पार्किंगमध्ये ओढलं, आणि फिर्याद कुणीच घेईना

जालन्याच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नणंदेच्या लग्नाचा बस्ता बांधायला त्या घरच्यांसोबत छत्रपती संभाजीनगरला गेल्या होत्या. उरलेली खरेदी एका मॉलमध्ये झाली. रात्री नऊच्या सुमारास पिशव्या गाडीत ठेवायला त्या एकट्याच तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरल्या. डिकी उघडत असताना मागून आलेल्या तरुणानं मंगळसूत्राला हात घातला आणि त्यांना ढकललं. झटापटीत गळ्यावर ओरखडे उठले. ताईंनी हातातली स्टीलची बाटली त्याच्या कपाळावर मारली, रक्त आलं, तरी तो मंगळसूत्र तोडून मोटारसायकलवरून पळाला.

व्यवस्थापकानं पार्किंगच्या पावतीवरची ‘मालकाच्या जबाबदारीवर’ ही ओळ दाखवली. सुरक्षारक्षक म्हणाला, “त्याचं डोकं फुटलंय, उलट तुमच्यावरच केस होईल.” त्या धास्तीनं त्या तशाच जालन्याला परतल्या. दुसऱ्या दिवशी तिथल्या पोलीस ठाण्यात ऐकायला मिळालं, ‘घटना आमच्या हद्दीतली नाही.’ आज सहावा दिवस आहे. घरात विचारतात, रात्री तळघरात एकटी कशाला गेलीस?

ताई, सगळ्यात आधी मॉलच्या कॅमेऱ्यांचं बघा. बहुतेक ठिकाणी चित्रीकरण काही आठवड्यांतच, कुठे पंधरा दिवसांतही, आपोआप पुसलं जातं आणि त्यावर नवं चढतं. तुमचे सहा दिवस गेले आहेत. आजच व्यवस्थापकाच्या नावे एक पत्र लिहा: तारीख, वेळ, पार्किंगचा मजला, जवळच्या खांबाचा क्रमांक आठवत असेल तर तोही. त्या वेळेच्या आधीचं आणि नंतरचं एकेक तासाचं चित्रीकरण जपून ठेवा, असं त्यात स्पष्ट मागा. उतार, प्रवेशद्वार आणि बाहेर पडायच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यांचा वेगळा उल्लेख करा, कारण मोटारसायकलचा नंबर मिळाला तर तिथेच मिळेल. पत्र स्पीड पोस्टानं आणि ईमेलनंही पाठवा. चित्रीकरण तुमच्या हातात ते देणार नाहीत, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस तपास कसा करायचा ते सांगणारा कायदा) कलम ९४ खाली पोलीस ते मागवू शकतात. लेखी कळवल्यानंतरही कुणी ते मुद्दाम पुसलं, तर पुरावा नष्ट केल्याचा प्रश्न त्यांच्यावर येतो.

आता हद्दीचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या याच संहितेच्या कलम १७३ मध्ये सरळ लिहिलं आहे की दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात अशा गुन्ह्याची खबर, तो कुठल्याही हद्दीत घडलेला असो, पोलीस ठाण्यानं नोंदवायची आहे. जालन्याच्या ठाण्यानं शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून तो संभाजीनगरच्या संबंधित ठाण्याकडे पाठवायचा. साठ किलोमीटर तुम्ही हेलपाटे घालायचे नाहीत, कागदानं जायचं. खबर ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते.

ठाण्यात तुमच्याकडून नुसता ‘अर्ज’ घेऊन शिक्का मारून देतील. तेवढ्यावर उठू नका. अर्ज म्हणजे फिर्याद नव्हे. गुन्हा क्रमांक पडलेली प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत विनामूल्य मिळणं हा तुमचा हक्क आहे. ‘मंगळसूत्र गहाळ झाले’ असं लिहिलेल्या कागदावर तर मुळीच सही करू नका. गहाळ झालं की तपास संपला.

इथे शब्दांना फार किंमत आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. गुन्हे आणि त्यांच्या शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ मध्ये हिसकावण्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेवढंच कलम लागलं तर पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीनं ठाणं आधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करू शकतं. त्या चौदा दिवसांत तुमचं चित्रीकरण पुसलं जाईल. पण चोरी करताना माणसाला इजा केली तर ती जबरी चोरी होते, कलम ३०९, आणि तिला दहा वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही कडक शिक्षा आहे. तिथे अशा प्राथमिक चौकशीची वाट पाहण्याची तरतूद लागू होत नाही. म्हणून फिर्यादीत ‘ओढलं’ एवढ्यावर थांबू नका. ढकललं, गळ्याला जखम झाली, हे घडलं तसं सांगा. जिल्हा रुग्णालयात जाऊन जखमेची नोंद करून घ्या, ओरखडे सुकले असले तरी. त्या रात्रीचे फोटो फोनमध्ये असतील तर ते जपा. आणि सहा दिवस का गेले, हेही फिर्यादीतच येऊ द्या: एका ठाण्यानं परत पाठवलं, तारीख आणि वेळेसह. कारण सांगितलेला उशीर फिर्याद मारत नाही.

तरीही घेतलं नाही, तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा. तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच सांगितलं आहे.

सुरक्षारक्षकाच्या बोलण्यानं तुम्ही सहा दिवस घाबरून राहिलात, याचं मला मनापासून वाईट वाटलं. स्वतःच्या शरीराचा आणि मालमत्तेचा बचाव करताना केलेली कृती हा गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेची कलम ३४ आणि ३५ तेच सांगतात. मर्यादा एवढीच की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. तो पकडला गेल्यावर, हात बांधल्यावर मारलं असतं तर गोष्ट वेगळी. गळ्याशी झटापट चालू असताना मारलेला एक फटका त्या मर्यादेत बसतो. तेव्हा फिर्यादीत बाटलीची गोष्ट लपवू नका, उलट ठळक सांगा. ती धुतली नसेल तर हात न लावता कोरड्या कागदी पिशवीत ठेवा आणि पोलिसांना पंचनामा करून जप्त करायला सांगा. तिच्यावरचं रक्त त्याचं आहे. त्या रात्रीची साडीही तशीच ठेवा.

पावतीवरच्या त्या ओळीबद्दल. दिल्लीच्या एका हॉटेलातून १९९८ मध्ये चोरीला गेलेल्या मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं की असं छापून हॉटेलला स्वतःच्या हलगर्जीपणातून सुटता येत नाही. पण तिथे किल्ली कर्मचाऱ्याच्या हातात दिली होती. तुमची किल्ली तुमच्याकडेच होती आणि गेलं ते अंगावरचं सोनं, म्हणून तुमचा दावा तितका सोपा नाही. दिवे बंद होते का, कॅमेरा चालू होता का, तळघरात रक्षक होता का, यावर सगळं अवलंबून राहील. दिवे बंद होते असं तुमच्या नवऱ्यानंही पाहिलं असेल, तर त्यांचा जबाब महत्त्वाचा. पार्किंगचे पैसे भरलेली पावती फेकू नका, तिच्यामुळेच तुम्ही ग्राहक ठरता. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. ती जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातही करता येते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. तेव्हा हे काम फिर्यादीनंतर, सवडीनं करा.

सराफाची पावती शोधून ठेवा. नसेल तर वजन लिहून, लग्नातला मंगळसूत्र स्पष्ट दिसेल असा फोटो जोडा. मुद्देमाल सापडला तर खटला संपेपर्यंत न थांबता न्यायालयाकडे अर्ज करून तो ताब्यात मागता येतो, आणि तेव्हा ओळख पटवायला हेच लागतं.

घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुम्ही द्यायचं नाही. पैसे घेऊन लोकांना ज्या तळघरात उतरवलं, तिथे उजेड आणि माणूस ठेवायची जबाबदारी पैसे घेणाऱ्याची होती. उद्या सकाळी ठाण्यात जाताना सासूबाईंना सोबत न्या. घरी आल्यावर तुमच्या गळ्यावरचे ओरखडे त्यांनी पाहिले असतील, तर त्यांचाही जबाब लिहून घ्यायला सांगा.