क्रेटर लेकचा घाट आणि मोटरहोम

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याच्या कॅस्केड डोंगररांगेतल्या क्रेटर लेक या सरोवराला मोटरहोमने, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीने, जाणाऱ्या वाचकांचे बरेच प्रश्न आलेत. त्यातले चार आज घेते.

प्रश्न : जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जातोय. सरोवराला पूर्ण चक्कर मारता येईल ना?

बहुधा नाही. इथे वर्षाला सरासरी 40 फुटांहून जास्त बर्फ पडतो. सरोवराभोवतीचा 33 मैलांचा रस्ता, रिम ड्राइव्ह, पूर्ण मोकळा व्हायला बऱ्याचदा जुलै उजाडतो. उत्तरेचं प्रवेशद्वारही जूनमध्ये बंद असू शकतं. दक्षिणेकडून, हायवे 62 वरून मात्र वर्षभर येता येतं. रजा पुढे सरकवता आली तर जुलै धरा. ऑगस्टमध्ये रस्ते मोकळे असतात, पण वणव्यांच्या धुराने समोरचा काठही दिसेनासा होतो, असे दिवस येतात. जूनशिवाय जमतच नसेल तर जूनमध्येच जा. बर्फाने पांढऱ्या झालेल्या कड्यांमधलं ते निळं पाणी बघायला अर्धी चक्करही पुरते.

प्रश्न : 28 फुटी मोटरहोम भाड्याने घेतलंय, चालवणार पहिल्यांदाच. चढावर गाडी दम टाकेल का?

दम लागेल, पण चढेल. उंचीवर हवा विरळ होते आणि टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) नसलेलं इंजिन दर 1000 फुटांना साधारण 3 टक्के ताकद गमावतं. सरोवराच्या काठावरचं रिम व्हिलेज 7000 फुटांच्या वर आहे, म्हणजे तिथे पोचेपर्यंत पाचवा हिस्सा गेलेला असतो. उजव्या कडेने हळू चढा. मागे गाड्या साचल्या की रस्त्याकडेच्या रुंद जागेत थांबून त्यांना पुढे जाऊ द्या.

शिकायचं आहे ते उतरणं. घाटातले जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर हाताने टाकता येतो, किंवा टो-हॉलचं (जड गाडीसाठी गिअर खाली ठेवणारं) बटण असतं. गिअर उतार सुरू होण्याआधीच टाका. इंजिनाचा आवाज चढेल, घाबरू नका, वेग तेच धरून ठेवतंय. ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. वेग वाढला की ठाम दाबून दहा मैलांनी कमी करायचा आणि पाय पूर्ण उचलायचा.

हे मी धडा घेऊन सांगतेय. माझ्या पहिल्या मोठ्या उतारावर मी पाच मैल ब्रेक हलका दाबून आले. आधी जळक्या रबरासारखा उग्र वास आला, मग पेडल स्पंजासारखं मऊ लागू लागलं. ब्रेकचं तेल तापून उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. पायाचा जोर ते दाबण्यात जातो, चाकांपर्यंत पोचतच नाही. कडेला जागा मिळाली म्हणून वाचलो. अर्धा तास चाकांना हात लावायची सोय नव्हती.

दुसरी गोष्ट शेपटीची. मागच्या चाकांच्या मागे या गाडीचं बरंच अंग लोंबतं. उजवीकडे वळलात की शेपूट डावीकडे झुकतं आणि शेजारच्या गाडीला घासतं. घाटात शिरण्याआधी रिकाम्या पार्किंगमध्ये मागच्या कोपऱ्याशी पाण्याची बाटली उभी करा आणि वळून बघा ती कधी पडते. तेवढा एक तास द्याच. आणि रिम ड्राइव्हची पूर्व बाजू अरुंद, वळणांची आहे. मागे ट्रेलर जोडलेला असेल तर तिकडे वळू नका, तो मझामा कॅम्पग्राउंडवर सोडून जा.

प्रश्न : मुलगी विचारते, डोंगराच्या डोक्यावर एवढं पाणी आलं कुठून?

आभाळातून! एकही नदी आत येत नाही की बाहेर जात नाही. फक्त पाऊस आणि बर्फ. सुमारे 7700 वर्षांपूर्वी या डोंगराचा, म्हणजे माउंट मझामा या ज्वालामुखीचा, प्रचंड उद्रेक झाला, पोटातला लाव्हारस बाहेर पडल्यावर आधार उरला नाही आणि माथा आत कोसळला. त्या खड्ड्यात काही शतकं पाणी साठत गेलं. आज ते 594 मीटर खोल आहे, अमेरिकेत सर्वांत खोल. गाळ आणणारी नदीच नसल्याने पाणी नितळ राहतं. लाल रंग ते शोषून घेतं आणि निळा परत पाठवतं.

मुलीला हेही सांगा की तो उद्रेक माणसांनी पाहिला होता. इथल्या मूळ रहिवासी क्लॅमथ लोकांच्या कथेत पाताळाचा लाओ आणि वरच्या जगाचा स्केल यांची लढाई होते, आणि डोंगर कोसळून लाओ आत गाडला जातो. याच मझामाच्या राखेखाली फोर्ट रॉकच्या गुहेत झाडाच्या सालीच्या विणलेल्या चपला सापडल्या आहेत. मला त्या चपलांइतकं या सरोवराजवळ नेणारं दुसरं काही नाही.

प्रश्न : आमची हवेची बोट सरोवरात उतरवता येईल का?

नाही, स्वतःची कुठलीही बोट चालत नाही. पाण्यापर्यंत जायची परवानगी असलेली वाट एकच, क्लीटवुड कोव्हची. 1.1 मैलांत सुमारे 700 फूट उतार, आणि येताना तेवढाच चढ. तिचं मोठं दुरुस्तीकाम ठरलेलं आहे, त्यामुळे निघण्याआधी ती उघडी आहे का, इथल्या नॅशनल पार्कच्या कार्यालयाकडे विचारून घ्या.