सकाळची खडखड
अरे भावा, सकाळी स्टार्ट करताना इंजिन खडखडतं म्हणतोस, तर टायमिंग चेनवर (व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी इंजिनमधली साखळी) संशय येतो, पण लगेच इंजिन उघडायला देऊ नकोस. रात्रभर थंड झालेली गाडी सकाळी बॉनेट उघडून स्टार्ट कर आणि ऐक, दोन-तीन सेकंदांत खडखड थांबली तर बहुतेक हायड्रॉलिक टेन्शनरमधलं (ऑइलच्या दाबाने चेन ताणून धरणारा भाग) ऑइल रात्री उतरतंय, पण गरम झाल्यावरही वाजत राहिली तर चेन नाहीतर गाइड (चेन ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या) झिजलेत. डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघितलीस का? माझ्या गाडीत ऑइलच कमी निघालं होतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टायमिंग कव्हरवर टेकव, मूठ कानाला, बाही फॅनबेल्टपासून लांब ठेव हां. सोबत इंजिनच्या कॉम्प्युटरवर पी००१६ कोड (टायमिंग जुळत नसल्याचा इशारा) आला तर चेन ताणल्याची दाट शक्यता, मग फोंड्याहून मडगावलाही चालवत नेऊ नकोस, टो कर, चेन गिअरच्या दातावरून घसरली की बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. बदलताना टेन्शनर, गाइडसकट सेटच घाल.