लाल दिवा, बझर आणि 2000 आरपीएम: सेन्सरकडे सगळ्यात शेवटी या

तुमच्या लिहिण्यावरून असं दिसतं: नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात घातली, मागे बाहेरून लावलेलं 60 अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक (आउटबोर्ड) इंजिन, खाडीतून बाहेर पडून वेग वाढवला की पाच-सात मिनिटांत तापमानाचा दिवा लागतो, बझर सलग वाजतो आणि इंजिन 2000 आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर जात नाही. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची मागची धार व्यवस्थित आहे. तापमानाचा सेन्सर नवा टाकला, तरी तेच.

आरपीएम अडकणं हा वेगळा बिघाड नाही. इंजिन वाचावं म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटरच, वेग तोडतो. त्यामुळे प्रश्न एकच उरतो: इंजिन खरंच तापतंय का? हे कळल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि दिवा लागल्या क्षणी सिलिंडर हेडवर, थर्मोस्टॅटच्या (तापमानाप्रमाणे थंड पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घराजवळ मोजा. थर्मोस्टॅट बऱ्याच मॉडेलांत 60 अंशांच्या आसपास उघडायला लागतो, म्हणजे 60 ते 70 दिसलं तर इंजिन ठीक आहे आणि दिवा खोटं बोलतोय. 90 च्या पुढे गेलं तर दिवा खरा.

धार चालू आहे यावर विसंबू नका. पुष्कळ इंजिनांत ती थर्मोस्टॅटच्या आधीच फुटते. पंप काही ना काही पाणी वर ढकलतोय, एवढंच तिच्यावरून कळतं. थर्मोस्टॅट मिठाने बंद अडकला तरी धार छान येते. उलट धार नसली तर कधी नुसती नळीच वाळूने बुजलेली असते; जाड नायलॉनची तंगूस आत सारून बघा.

तुमच्या बाबतीत पहिला संशय इंपेलरवर, म्हणजे पाण्याच्या पंपातल्या रबरी पात्यांच्या चाकावर. पावसाळाभर इंजिन उभं राहिलं की रबराची पाती एकाच बाजूला वाकून तशीच राहतात. कमी वेगाला पाणी पुरतं, वेग वाढला की कमी पडतं. लोअर युनिट (इंजिनाचा पंख्याकडचा खालचा भाग) उतरवा, इंपेलर नवाच टाका, आणि आतला कप व खालची प्लेट बघा: नखाला चर लागला तर तेही बदला. बसवताना शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत पंपाचं घर खाली दाबा. जुन्या इंपेलरचं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा शोधाच. तो वरच्या नळीत किंवा थर्मोस्टॅटपाशी अडकतो आणि नवा इंपेलर घालूनही इंजिन तापत राहतं. पाणी आत घेणाऱ्या जाळीवर प्लास्टिक, जाळ्याचा दोर किंवा चिकटलेल्या शिंपल्या आहेत का, तेही तेव्हाच बघून घ्या.

थर्मोस्टॅट दोऱ्याला टांगून पाण्याच्या टोपात गरम करा. 60 च्या आसपास हलायला लागला आणि 70 पर्यंत पूर्ण उघडला तर चांगला. थर्मोस्टॅट काढून टाकून चालवायचा सल्ला किनाऱ्यावर सर्रास मिळतो. तो ऐकू नका. इंजिन थंड राहिलं की न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं, तेलाची पातळी चढते, तेल पातळ होतं आणि कालांतराने दुसरा दिवा लागतो, तेलाच्या दाबाचा. डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) पातळी चढलेली दिसली आणि तेलाला पेट्रोलचा वास आला तर कारण हेच. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरलंय. पातळी नेहमी इंजिन उभं ठेवून, बंद केल्यावर काही मिनिटांनी बघा.

तेलाच्या दाबाचा दिवा समुद्रात लागला तर लगेच बंद करा. तापमानाचा लागला आणि धार चालू असेल तर न्यूट्रलमध्ये आणून दोन मिनिटं थंड होऊ द्या. धारच नसेल तर तेही नको, ताबडतोब बंद.

आता थर्मामीटरने दिवा खोटा ठरवला, तर वायरिंग. बॅटरी इंजिन बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास, चालू असताना 13.8 ते 14.5. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत मल्टिमीटर 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर अर्थिंग खराब आहे. निम्मे खोटे दिवे इथूनच लागतात असं माझं मत आहे. एका वायरचा तापमानाचा स्विच असेल तर वायर काढा. बझर थांबला नाही तर वायर कुठेतरी बॉडीला लागतेय. तेलाचा स्विच उलटा: दाब नसताना त्याचा संपर्क जोडलेला असतो. तो बसवताना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, कारण त्याचं अर्थिंग आट्यांतूनच होतं. शंका उरली तर त्याच जागी यांत्रिक प्रेशर गेज लावून खरा दाब बघा.

दोन वायरींचा सेन्सर गरम पाण्यात धरून ओहम मोजा. तापमान चढताना आकडा सलग उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली तर सेन्सर गेला. वायरचं कव्हर टोचून मोजू नका, त्या भोकातून खारं पाणी शिरतं आणि तांबं आतून हिरवं पडतं. कनेक्टरच्या मागून प्रोब घाला, मग डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा.

न्यूट्रलमध्येच थांबून थांबून बझर वाजत असेल तर यामाहाच्या बऱ्याच मॉडेलांत तो पेट्रोल फिल्टरमधल्या पाण्याचा इशारा असतो. फिल्टरचा कप रिकामा करा.

रोज परतल्यावर इंजिन आतून गोड्या पाण्याने दहा मिनिटं फ्लश करा, म्हणजे धुऊन काढा. बाजूच्या फ्लश कनेक्टरला पाइप लावला असेल तर इंजिन सुरू करू नका. त्या वाटेने इंपेलरला पाणी मिळत नाही आणि तो कोरडाच जळतो.