हेड गॅस्केटचं काम घरी करावं का?

प्रश्न : माझी २०१२ ची वॅगन आर आहे. इंजिन गरम होतं, कूलंट सारखं कमी होतं आणि ऑईल दुधाळ झालंय. गॅरेजवाले म्हणतात हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली सील) गेलं, २६,००० रुपये लागतील : पार्ट, ऑईल, कूलंट मिळून १४,५००, हेडचं फेसिंग (मशीनवर सपाट करणं) २,५०० आणि मजुरी ९,०००. स्कूटरची सगळी कामं मी घरी करतो, अंगणात जागा आहे, मे महिन्याची सुट्टी आहे. स्वतः करून हे २६,००० वाचवू का? नाहीतर क्रेडिट कार्डावर हप्ते करीन, कारण २ लाखांची एफडी मोडायची नाही. वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला याच गाडीने न्यावं लागतं. – एक वाचक, कराड

उत्तर : आधी एक विनंती. आज या क्षणापासून ही गाडी चालवू नका, दवाखान्यापर्यंतसुद्धा नाही. दुधाळ, म्हणजे पाणी मिसळलेलं ऑईल बेअरिंगांना नीट वंगण देत नाही, आणि मग २६,००० चं काम पूर्ण इंजिनच्या कामावर जातं. डायलिसिससाठी रिक्षा ठरवा. तो खर्च दुरुस्तीतच धरा.

आता पैशांचं. तुमच्या हिशेबात वाचतात २६,०००. पण पार्ट, ऑईल आणि कूलंट तुम्हालाही विकतच आणावं लागणार. फेसिंगही घरी होत नाही, हेड मशीन शॉपलाच न्यावं लागतं. म्हणजे वाचते फक्त मजुरी, ९,०००. त्यातून टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळणारा), सॉकेट सेट, फीलर गेज (बारीक फट मोजायचं साधन), सरळ पट्टी यांचे पैसे वजा करा. स्कूटरच्या हत्यारांत यातलं बरंचसं नसतं. पाच हजार तिथे गेले, तर हातात राहतात चार.

या चार हजारांसाठी जोखीम केवढी, ते पाहा. तुमच्या गाडीचं इंजिन ९९८ सीसीचं, तीन सिलिंडरचं, टायमिंग चेनवालं आहे. हेड काढायचं तर चेनचं कव्हर उतरवावं लागतं, आणि परत बसवताना खुणा जुळवून टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ, बांधावं लागतं. एखादा दात चुकला तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकू शकतात. हेड ॲल्युमिनियमचं असतं, इंजिन तापलं की ते वाकतं. म्हणूनच फेसिंग आणि चिरेची तपासणी लागते. बोल्ट मधून बाहेर, ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळावे लागतात. यातलं काहीही जरासं बिनसलं, तर नवं गॅस्केटही टिकत नाही आणि पार्टचे पैसे दुसऱ्यांदा घालावे लागतात. शिवाय दुसऱ्याने अर्धवट उघडलेलं इंजिन मेकॅनिक सहसा आनंदाने घेत नाहीत. घेतलंच तर हमी देत नाहीत.

तुमचा हात चांगला आहे, यात मला शंका नाही. घरात दुसरी गाडी असती आणि वडिलांची ये-जा या गाडीवर अवलंबून नसती, तर मी म्हटलं असतं, उघडा इंजिन, शिका. आज मात्र नको. सुट्टी संपली आणि हेड बाकावरच राहिलं, तर डायलिसिसच्या रिक्षात ते चार हजार कधी संपले ते कळणारही नाही.

तरी २६,००० ला लगेच हो म्हणू नका. कूलंटची प्रेशर टेस्ट (गळती शोधायला) आणि कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब तपासायला) दुसऱ्या गॅरेजमध्ये करून घ्या, गाडी टो करून न्यावी लागली तरी. निदान पक्कं झाल्याशिवाय हेड उघडू द्यायचं नाही. गाडी कशामुळे तापली, हेही विचारा : थर्मोस्टॅट, वॉटर पंप की रेडिएटरचा पंखा? मूळ कारण राहिलं तर नवं गॅस्केटही उडेल. हेडला चीर निघाली तर काय, हे आधीच ठरवा. जुन्या गाड्यांच्या दोन-तीन व्यापाऱ्यांना विचारा की आहे त्या स्थितीत किती देतील आणि चालू स्थितीत किती. दुरुस्तीचा एकूण खर्च या दोन किमतींमधल्या फरकाच्या वर जाऊ लागला, तर थांबा आणि विकण्याचा विचार करा. २०२७ मध्ये गाडीला १५ वर्षं पूर्ण होतील. तेव्हा नोंदणीच्या नूतनीकरणासाठी फिटनेस आणि पर्यावरण कर यांचाही खर्च येईल, तो आत्ताच धरा.

विम्याची आशा ठेवू नका. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज धरत नाहीत.

राहिली एफडी. ती मोडायला तुम्ही कचरता, हे मी समजू शकतो, पण हा निधी अशाच दिवसासाठी आहे. मुदतीआधी मोडल्यास बँका साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. २६,००० वर वर्षाला १३० ते २६० रुपये. बँक अंशतः मोडू देत असेल तर तेवढीच मोडा. कार्डाचं बिल थकलं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकतं, म्हणजे ९०० रुपये, तेही दर महिन्याला. पुढच्या आठ-दहा पगारांत थोडं थोडं टाकून एफडी पूर्ववत करा.

काम देताना लिहून घ्या : किती महिन्यांची हमी, जुने पार्ट परत, आणि ठरलेल्या रकमेच्या वर जाण्याआधी फोन. पक्कं बिल मागा. शक्य असेल तर हेड उघडताना तिथे उभे राहा. जाणकार मेकॅनिकला प्रश्न विचारणारा गिऱ्हाईक आवडतो, आणि तुम्हाला जे शिकायचं आहे ते तिथे फुकट दिसेल.

टॉर्क पाना मात्र घ्यायचा असेल तर घ्या. चाकाचे नट, प्लग, ऑईल ड्रेन बोल्ट यांना तो उपयोगी पडेल. ऑईल, कूलंट, एअर फिल्टर बदलणं यापुढे घरीच करा, तिथे मजुरी खरोखर वाचते. निघालेलं ऑईल गटारात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजला द्या, अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे ते पाठवतात का, एवढं विचारून.