गॅब्रोच्या थरांमध्ये परके दगड येतात कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिलारस जमिनीखाली सावकाश निवून गॅब्रो हा भरड, काळपट खडक होतो, खनिजांचे थर तळाशी एकावर एक बसत जातात, मग त्या थरांच्या मधोमध घराएवढे वेगळेच दगड कसे सापडतात? मी भूविज्ञान शिकवतो आणि हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण शिलारसाचा साठा शांत असतो ही समजूत या दगडांपुढे टिकत नाही.

दगड बहुतेक वेळा वरून पडलेले असतात. काही खालून वर आलेले असतात. आणि काही तर जागचे हललेलेच नसतात. शिलारसच त्यांना वेढून पुढे गेलेला असतो.

वरून पडलेल्यांसाठी स्केरगार्डसारखं उदाहरण नाही. पूर्व ग्रीनलंडमधली ही गॅब्रोची राशी सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वीची, उत्तर अटलांटिक उघडत असतानाची. लॉरेन्स वेजर यांनी ती १९३० मध्ये पाहिली. पुढे १९३५-३६ मध्ये डब्ल्यू. ए. डीअर यांच्यासह हिवाळाभर तिथे राहून अभ्यास केला आणि १९३९ मध्ये दोघांनी तिचं सविस्तर वर्णन छापलं. इथे शिलारस फक्त तळाकडून घट्ट होत नव्हता. भिंतींकडून आत आणि छताकडून खाली असेही स्फटिकांचे थर वाढत होते. छताला चिकटलेला हा थर अजून गरम, त्यात भेगा, वरून खडकाचा भार आणि आजूबाजूला पृथ्वीचं कवच ताणलं जात असलेलं. त्याचे तुकडे सुटायचे आणि शिलारसातून खाली जायचे.

हे कशावरून म्हणायचं? दगडाच्या खालची बाजू बघा. ओल्या चिखलात धोंडा आदळावा तसे तिथले थर दबलेले, वाकलेले दिसतात. वरचे थर मात्र दगडाच्या अंगावरून वळसा घेऊन जातात. म्हणजे दगड आला तेव्हा खालचा थर अजून पुरता घट्ट झाला नव्हता आणि वरचा बसायचाच होता. त्यात हे दगड रचनेने छताकडच्या गॅब्रोशी जुळतात. तेव्हा ते खऱ्या अर्थाने परके नाहीत, त्याच शिलारसाची आधी गोठलेली लेकरं आहेत. त्यांना ऑटोलिथ म्हणतात. बाहेरच्या खडकाचा तुकडा असेल तर तो झेनोलिथ. स्केरगार्डमध्ये तेही आहेत, मुख्यतः कडेच्या भागात: नीस (उष्णता-दाबाने बदललेला पट्टेदार खडक) आणि बेसाल्ट.

एक अडचण मात्र उरते आणि ती मला सगळ्यात रंजक वाटते. यातले बरेच दगड फिकट आहेत, कारण त्यांत प्लॅजिओक्लेज हे फिकट रंगाचं खनिज भरपूर. हे खनिज हलकं, आणि स्केरगार्डचा शिलारस लोहामुळे जड. निव्वळ प्लॅजिओक्लेजचा तुकडा त्यात तरंगायला हवा, बुडायला नको. मग सुटताना त्या तुकड्यांत पायरोक्सीन, ऑलिव्हीन, लोहाची ऑक्साइडं या जड खनिजांचं वजन असणार, किंवा स्फटिकांच्या दाट प्रवाहाने त्यांना ओढत खाली नेलं असणार. मला पहिली शक्यता जास्त पटते. थरात गाडले गेल्यावर भोवतीचा उरलेला गरम द्रव त्यांच्यातून झिरपत राहतो, खनिजं बदलतात, आणि आज दिसणारा फिकटपणा नंतर आलेला असू शकतो.

खालून वर येणाऱ्यांसाठी आपल्याकडचंच उदाहरण आहे, फक्त ती थरांची राशी नाही. धुळे परिसरातल्या राजमाने आणि तळवाडे इथल्या बेसाल्टच्या भित्तींमध्ये (भेगांत शिरून उभ्या भिंतीसारख्या गोठलेल्या शिलारसात) नीस, क्वार्ट्झाइट (वाळूच्या खडकापासून बनलेला कठीण खडक) अशा खडकांचे तुकडे सापडतात. दख्खनच्या बेसाल्टखाली दडलेला पाया तिथे हातात घेऊन बघता येतो. शिलारस वर चढताना कडेचा खडक तापतो, तडकतो, भेगांत द्रव शिरतो आणि तुकडा सुटतो. प्रवाहाचा वेग पुरेसा असला तर तो वर वाहून येतो.

तिसरा प्रकार दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्डमध्ये पाहावा. ही राशी सुमारे २०५ कोटी वर्षांची. तिथे शिलारस जुन्या गाळाच्या खडकांत आडवा शिरला, पुन्हा पुन्हा शिरला, आणि दोन थरांमध्ये सापडलेले डोलोमाइटचे (चुनखडीसारख्या, मॅग्नेशियम असलेल्या खडकाचे) पट्टे तसेच राहून गेले. अशा पट्ट्यातले मूळ स्तर बाहेरच्या खडकांतल्या स्तरांच्याच दिशेने कललेले असतील, तर तो पडलेला नाही असं समजायला हरकत नाही. पडलेला तुकडा सहसा फिरतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याला दिसतात ते टिकलेले दगड. अशा शिलारसाचं तापमान साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअस असतं. त्यात ग्रॅनाइटसारखा खडक बराचसा वितळतो, क्वार्ट्झाइट पुष्कळ तग धरतो, आणि डोलोमाइट कार्बन डायऑक्साइड सोडून कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या सिलिकेट खनिजांत बदलतो. बुशवेल्डच्या उत्तर भागात प्लॅटिनमसाठी खणल्या जाणाऱ्या प्लॅटरीफमध्ये असे बदललेले डोलोमाइटचे तुकडे जागोजागी आहेत. म्हणून एखाद्या राशीत क्वार्ट्झाइटचेच तुकडे जास्त दिसले, तर तिने फक्त क्वार्ट्झाइटच गिळला असं समजू नका. ग्रॅनाइट किती गिळला ते गॅब्रोच्या रासायनिक पृथक्करणातून, विशेषतः स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून) शोधावं लागतं.