बाथरूम आणि अंगणात गोट्यांच्या पेबल टाइल्स बसवाव्या का? पांढऱ्या घ्याव्या की काळ्या?

तुम्ही लिहिलंय की धुळ्याला नवीन घर होतंय, पाणी बोअरचं आहे, आणि बाथरूम-अंगण दोन्हीकडे खऱ्या दगडाच्या पेबल टाइल्स टाकायच्यात. विचारलंय एवढंच की पांढऱ्या की काळ्या. 'बोअरचं पाणी' वाचलं आणि मी कुकर गॅसवर तसाच ठेवून लिहायला बसली, कारण आमच्या घरात या विषयावर २०१६ पासून भांडण चालू आहे आणि ते अजून मिटलेलं नाही.

जळगावला घर बांधलं तेव्हा बाथरूमच्या फरशीसाठी पांढऱ्या गोट्यांच्या टाइल्स मी पसंत केल्या. मीच केल्या, ते मी कधी नाकारलं नाही. सात बाय पाचचं बाथरूम, जाळीवर गोटे चिकटवलेल्या फूट बाय फुटाच्या शीट येतात त्या ३५ लागणार होत्या, तुटफूट धरून ३८ घेतल्या. सासूबाई अमळनेरकडच्या, त्यांनी खोकं उघडल्या उघडल्या विचारलं, "नदीना गोटा घरमा काबरं आनात?" मी हसली. आमचे हे नाही हसले. हे एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात हिशोब बघतात, त्यामुळे घरी पण कोटेशन घेऊन बसतात. दुकानदाराने त्यात इपॉक्सी ग्राउट लिहिलेलं होतं, ग्राउट म्हणजे फटी भरायचा मसाला, आणि इपॉक्सीचा म्हणजे पाणी न पिणारा. आता गोट्यांना ग्राउट साध्या टाइल्सपेक्षा कितीतरी जास्त लागतं, तिथे दोन टाइल्समधली बारीक रेघ नसते, एकेका गोट्याभोवती खाच असते, ती सगळी भरायची, आणि इपॉक्सी महाग. ह्यांनी पेन घेतला, ती ओळ खोडली, साडेतीन हजार वाचवले आणि मिस्तरीला सांगितलं व्हाइट सिमेंट भर. मिस्तरी तर खूशच झाला, त्याला इपॉक्सी नकोच होतं, ते भरल्या भरल्या पुसत बसावं लागतं नाहीतर गोट्यांवर चिकट थर वाळून बसतो.

पहिलं वर्ष काय दिसायचं ते बाथरूम! नणंद आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आली तर फोटो काढून घेऊन गेली सासरी दाखवायला. मग हळूहळू खाचा पिवळ्या पडायला लागल्या. व्हाइट सिमेंट पाणी पितं, आमच्या कॉलनीला तेव्हा बोअरचंच पाणी होतं, नळाच्या तोटीवर आठ दिवसांत पांढरी खपली धरायची, तीच या खाचांत धरली, वर साबणाचा मळ. ब्रशने घासा तर ब्रश गोट्यांवरून घसरतो आणि खाचेत पोचत नाही. एवढं सगळं मी घासत होती हो, हे नाही.

आणि मग आली कानबाई, आमचा खान्देशातला देवीचा सण. श्रावणात कानबाई बसायच्या आधी आमच्याकडे घर उभं-आडवं धुतात, रंग देतात, एक कोपरा सोडत नाहीत. मी गेली होती दळण घेऊन. सासूबाईंनी कामवाल्या मावशीला पैसे देऊन अॅसिडची बाटली आणवली आणि अर्धी बाटली त्या फरशीवर ओतली. मी घरी आली तर फसफस फसफस आवाज आणि सगळीकडे पांढरा फेस, आणि ह्या दारात उभ्या राहून समाधानाने म्हणतायत बघ किती घाण निघतेय. घाण कसली, गोटे विरघळत होते! धुतल्यावर हात फिरवला तर सगळी चमक गेलेली, खडूसारखे खरखरीत झाले. पाव्हणे रोट खायला आले त्या दिवशी मी बाथरूमला बाहेरून कडी लावून टाकली.

यात सासूबाईंची चूक मी मानत नाही, त्यांनी आयुष्यभर तसंच धुतलं होतं. मला नंतर दुसऱ्या एका दुकानदाराने समजावलं ते ऐका, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तेच आहे. पांढरे गोटे बहुतेक संगमरवराचे असतात, संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि तुमच्या तोटीवर बोअरच्या पाण्याचा जो पांढरा थर बसतो तोही मुख्यतः तेच. मग जे काही तो थर काढेल, अॅसिड असो, व्हिनेगर असो, लिंबू असो, ते गोटाही खाणार. म्हणजे पांढऱ्यावर डाग कमी दिसतात पण पडले की काढता येत नाहीत. काळ्यावर क्षार लगेच दिसतात, अगदी आठ दिवसांत करडे होतात, पण गोटा आपल्याकडच्या काळ्या दगडासारखा कठीण असेल तर पातळ व्हिनेगरने पुसता तरी येतो. म्हणून माझं मत विचाराल तर दोन्ही नको, मधला रंग घ्या, राखाडी नाहीतर मातकट, आणि कठीण दगडाचा.

दुकानात जाताना पर्समध्ये लिंबू न्या. लाजू नका, मी नेते. एका गोट्यावर थेंब टाका, दहा मिनिटं दुकानदाराशी भावाची घासाघीस करा, मग पुसून उजेडात तिरपं धरून बघा. थेंबाची जागा निस्तेज झाली असेल तर तो गोटा संगमरवराचा नाहीतर चुनखडीचा, बोअरवाल्या बाथरूमला नको. काळे घेणार असाल तर ओल्या पांढऱ्या रुमालाने जोरात घासून बघा, रंग उतरला तर रंगवलेला माल.

बाथरूममध्ये गोल गोटे टाकू नका, वरून कापलेले चपटे मिळतात ते घ्या. गोलावर बादली डुगडुगते, प्लास्टिकचा स्टूल डुगडुगतो, कपडे धुवायचं तर नावच काढू नका. उतार फुटाला पाव इंच तरी पाहिजे, आमच्या मिस्तरीने साध्या फरशीइतका पण दिला नव्हता, त्यामुळे गोट्यांच्या मध्ये डबकी. वॉटरप्रूफिंग खाली आधीच करून घ्यायचं, ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नाही. शीटचे जोड चौकोनी दिसतात, तिथले चार-सहा गोटे काढून हाताने परत बसवायला सांगा, मिस्तरी कुरकुर करेल, करू द्या. सीलर, म्हणजे दगडात पाणी-डाग मुरू नये म्हणून लावतात ते द्रव, ग्राउट भरायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. आणि ग्राउट इपॉक्सीच! साडेतीन हजाराकडे बघू नका. ह्यांचं अजून म्हणणं आहे की "तुझ्या गोट्यांनी बाथरूम खाल्लं". माझं म्हणणं, खाचांत पाणी मुरलं नसतं तर त्या पिवळ्या पडल्या नसत्या, पिवळ्या पडल्या नसत्या तर अॅसिड आलं नसतं. तुम्हीच सांगा.

अंगणात मात्र नको, कुठल्याच रंगाच्या नको. एक तर रांगोळी काढता येत नाही, सडा टाकला की माती खाचांत जाऊन बसते, आणि मे महिन्यात ४५ डिग्रीला काळ्या गोट्यांवर अनवाणी उभं राहून बघा. तुळशीच्या कडेने हातभर पट्टा करायचा तर करा, तिथे तुमचे पांढरे गोल गोटे पण चालतील. नदीतून स्वतः गोटे आणू असा विचार असेल तर तेही गौण खनिजात मोडतं, उगाच ट्रॅक्टर अडकायचा.

एक राहिलं. घरात कोणाला डायबिटीस असेल, पायाला बधिरपणा असेल किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर वरचं सगळं सोडा आणि साधी खरबरीत टाइल टाका. सासूबाई आता दुसऱ्या बाथरूममध्ये जातात. आणि खरं सांगायचं तर इपॉक्सी असतं तरी पांढऱ्या संगमरवरावर क्षार बसलेच असते, कानबाईच्या आधी कोणीतरी अॅसिड आणलंच असतं कदाचित. पण हे ह्यांच्यासमोर मी बोलणार नाही.

बिलावर दगडाचं नाव लिहून घ्या. आमच्या बिलावर नुसतं 'पेबल व्हाइट ३८ नग' आहे. कोटेशन पण मी जपून ठेवलंय, ती इपॉक्सीची ओळ निळ्या पेनने दोनदा खोडलेली, बाजूला ह्यांची सही.